भुलीचा उतार

वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो मजुरीचे दर, बोनस आणि कारखान्यांचे कायदे यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज आम्ही त्या खात्रीला थोडा धक्का देणार आहोत. नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर भुलीतून जागा होणारा रोगी पुष्कळदा बेभान होतो. तो तसा का होतो, आणि तसे होऊ नये म्हणून माणसाने आजवर काय काय केले, हा आमचा विषय. आम्ही डॉक्टर नाही. शाळा आठवीत सुटली. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री सभासद पांगल्यावर. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. आजच्या विषयात तर 'भूल' हाच मुख्य शब्द आहे!

प्रथम निमित्त सांगतो. भाईंदरला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहानमोठे कारखाने आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. अशाच एका ठिकाणी प्रेसवर काम करणारा आमचा एक सभासद. पत्र्याचा तुकडा उडून त्याच्या नाकावर बसला, दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकला आणि एका बाजूचा श्वास बंद झाला. आपण 'नाकाचे हाड वाढले' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. पुढे एका रुग्णालयात त्याची शस्त्रक्रिया झाली, आणि ती उत्तम झाली. पण भूल उतरू लागली तसा हा शांत स्वभावाचा माणूस एकाएकी उठून बसला. सलाइनची सुई उपटली, नाकातले बोळे ओढू लागला, धरावयास आलेल्या वॉर्डबॉयला त्याने लाथ मारली. शेवटी बँडेजच्या पट्ट्यांनी त्याचे हात खाटेला बांधले. दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला कोणीतरी विचारले, "बाई, हे रोज पितात का?" त्या माउलीने मान खाली घातली. वास्तविक तो सुपारीच्या खांडालाही न शिवणारा माणूस! दुसऱ्या दिवशी त्याला यातले जवळजवळ काहीच आठवत नव्हते. एवढेच म्हणाला, "भाऊ, मला वाटलं मी खाडीत पडलोय आणि कोणीतरी वरून दाबतंय." पण तोवर गोष्ट कारखान्यात पोचली होती, आणि 'दारुडा' हे नाव त्याला पुढे वर्षभर पुरले.

आम्हांस त्या नावाचा राग आला. ज्याला लोक दंगेखोर म्हणतात त्याच्या दंग्यामागे काय कारण आहे ते शोधणे, हाच आमचा जन्मभराचा उद्योग. तेव्हा ह्या दंग्याचेही कारण शोधावे असे आम्ही ठरविले. शोधता शोधता जाऊन पोचलो ते थेट पेशवाईतल्या पुण्याला.

१७९० ते १७९२ या काळात इंग्रज, पेशवे आणि निजाम एका बाजूला व टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला, असे युद्ध झाले. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी बैल हाकण्याच्या कामावर होता. म्हणजे लढणारा शिपाईही नव्हे. ओझी वाहणाऱ्या तांड्यातला मजूर. तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातले दोन इंग्रज डॉक्टर, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. तिची हकिकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये चित्रासह छापून आली.

ती हकिकत वाचताना अंगावर काटा येतो. मेणाचा पातळ पत्रा घेऊन तो तुटलेल्या नाकावर बसवावयाचा, नाकाचा आकार द्यावयाचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा आणि त्याच्या कडेने रेघ आखावयाची. त्या रेघेवरून कपाळाची कातडी सोडवावयाची. मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवावयाची, म्हणजे रक्त वाहते राहते. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवावयाची आणि नाकाच्या जागी बसवावयाची. हत्यार कोणते? एक जुना वस्तरा. मलम कोणते? पाण्यात कालवलेला काथ, कापडाच्या पट्ट्यांवर पसरलेला. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवसाच्या सुमारास नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे तुकडे आत घालावयाचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधली पट्टी कापून टाकावयाची. काम फत्ते!

हे करणारा माणूस कोण होता? तो वीट पाडणाऱ्या जातीचा होता, एवढेच त्या पत्रात आहे. बैल हाकणाऱ्याचे नाव छापले, कारण त्याला कंपनीची पेन्शन होती. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे राहिली. चित्र काढणारा जेम्स वेल्स, त्याचेही नाव राहिले. ज्याच्या हातांनी ते काम केले त्याचे नाव मात्र कोणी विचारले नाही. आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर आजही जी कुटुंबे पावसाळा सरला की येतात आणि पाऊस आला की जातात, त्यांची नावे तरी किती वह्यांत असतात? असो. हा विषय निराळा, पण तो मनातून जात नाही.

ही विद्या त्याच्या हाती कोठून आली? नाक जोडण्याची कृती सुश्रुतसंहितेत आहे. तेथे कातडी गालावरून घ्यावयास सांगितली आहे. त्या कृतीतल्या दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. एक, वेदना सहन न होणाऱ्या रोग्याला शस्त्राआधी तीव्र मद्य पाजावे असे सुश्रुत सांगतो. दुसरी, नवे नाक बसविताना आत दोन नळ्या ठेवाव्यात असे तो सांगतो. नाक वर उचललेले राहावे आणि श्वासाची वाट मोकळी राहावी, हा त्यातला हेतू. या दोन नळ्यांकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

पुण्याची ही हकिकत वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शस्त्रवैद्याने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तेथून ही पद्धत युरोपभर गेली. पण पुण्यात काय किंवा लंडनमध्ये काय, तेव्हा रोगी पूर्ण जागा असे. तो किंचाळला तर का किंचाळतो हे कोणास विचारावे लागत नसे. वेदना भयंकर होती, पण ती त्याच्या डोळ्यांदेखत होती. नाकाला काय केले, बोळा कोठे घातला, श्वास कोठून घ्यावयाचा, हे त्याला क्षणोक्षणी कळत होते.

मग भूल आली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथर हुंगवून जाहीर प्रयोग करून दाखविला. अवघ्या पाच महिन्यांत, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात ईथर दिले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. माणसाच्या इतिहासात याहून मोठे वरदान थोडेच असेल. पण भुलीने वेदनेबरोबर माणसाचे भानही नेले. ते भान परत देताना काय घडते, हा प्रश्न येथून सुरू होतो.

भूल एकदम चढत नाही आणि एकदम उतरत नाही. आर्थर ग्वेडेल या अमेरिकन डॉक्टराने १९२० मध्ये तिच्या चार पायऱ्या मांडल्या. त्यांपैकी दुसरी पायरी बेभानपणाची: शुद्ध नाही, पण हातपाय झाडणे आहे, बडबड आहे, श्वास वेडावाकडा आहे. आपल्या लोकलचे उदाहरण घ्या. भाईंदरहून चर्चगेटला जाताना जी स्टेशने लागतात, परत येताना तीच उलट्या क्रमाने लागतात. तसेच येथे. खोल झोपेतून वर येताना रोग्याला त्या दुसऱ्या स्टेशनावरून यावेच लागते. बहुतेकांची गाडी तेथे क्षणभर थांबून पुढे सरकते. काहींची मात्र तेथेच अडकते. दिवसभर राबून डब्यात गाढ झोपलेल्या माणसाला एकदम हलवून फलाटावर उतरविले तर तो प्रथम कोणावर तरी धावूनच जाईल, नव्हे काय?

त्या काळच्या डॉक्टरांचे सारे लक्ष मात्र रोगी जिवंत राहतो की नाही इकडे होते, आणि ते स्वाभाविकही होते. मराठवाडा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने दोन क्लोरोफॉर्म कमिशने झाली. रूपाबाई फर्दुनजी यांनी भूल देण्याची विद्या घेतली ती ह्याच हैदराबादेत. जगातल्या अगदी पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. नाडीपेक्षा श्वासाकडे पाहा, हा लॉरींचा आग्रह शहाणपणाचा होता. पण क्लोरोफॉर्म हृदयाला थेट इजा करीत नाही, हा कमिशनचा निष्कर्ष चुकीचा ठरला. अर्धवट चढलेल्या क्लोरोफॉर्ममध्येच हृदय एकाएकी बिघडू शकते, हे १९११ मध्ये लेव्ही या इंग्रज डॉक्टराने दाखविले. म्हणजे अर्धवट भुलीची अवस्था केवळ तमाशाची नव्हे, धोक्याची आहे, हे तेव्हा उमगले.

नाकाच्या शस्त्रक्रियेत आणखी एक पेच होता. भूल हुंगावयाची नाकातोंडाने, आणि शस्त्र चालवावयाचे तेही नाकावरच! शिवाय रक्त घशात उतरणार. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर हॅरॉल्ड गिलीज हे इंग्लंडात सिडकप येथे उपचार करीत होते. कावसजीनंतर सव्वाशे वर्षांनी पुन्हा युद्धात गेलेली नाके, आणि पुन्हा कपाळाची कातडी! १९१९ च्या सुमारास तेथे मॅगिल आणि रोबॉटम या दोन भूलतज्ज्ञांनी श्वासनलिकेत रबरी नळी घालून भूल देण्याची पद्धत बसविली. वाट सुरक्षित झाली. पण एक दुखणे मिटविताना दुसरे उपजते. रोगी जागा होऊ लागला की घशातली तीच नळी त्याला गुदमरवू लागते.

ह्यात औषधांचाही वाटा होता. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ छापला गेला. ह्याच ओर्ताला मुंबई बेट पट्ट्याने मिळाले होते. त्याने धोत्र्याविषयी लिहिले आहे: चोर धोतरा खाऊ घालतात, माणूस हसत बसतो, वेड्यासारखे बोलतो आणि घर लुटले जाते. धोत्र्याच्याच जातकुळीतली ॲट्रोपीन आणि हायोसीन ही औषधे पुढे लाळ सुकावी म्हणून भुलीआधी सर्रास टोचली जात. त्यांनी, विशेषतः हायोसीनने, उठताना भ्रम वाढू शकतो. आता ती पूर्वीसारखी सरसकट देत नाहीत.

१९६१ मध्ये एकेनहॉफ, नील आणि ड्रिप्स या अमेरिकन डॉक्टरांनी चौदा हजारांहून अधिक रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. उठताना बेभान कोण होतो? लहान मुले आणि तरुण अधिक. आणि घशातल्या गाठी काढण्यासारख्या शस्त्रक्रियांनंतर अधिक. ह्यामागे गुदमरल्याची भावना असावी, असे त्यांनी सुचविले. हे वाचले तेव्हा आम्हांस आमचा सभासद आठवला. "खाडीत पडलोय, कोणीतरी वरून दाबतंय." त्याने शास्त्रज्ञांचेच म्हणणे आपल्या भाषेत सांगितले होते. नाकातोंडात पाणी जाणे ही आपल्याकडे नुसती म्हण आहे. त्याला तो प्रत्यक्ष अनुभव होता. नाकात बोळे ठासलेले, घशात रक्ताची चव आणि रबरी नळी, ठणका आहेच; आणि मन अजून अर्धे खोल. जन्मभर नाकाने श्वास घेणारे शरीर नाकाने श्वास ओढू पाहते, तो येत नाही. मग ते लढते. त्याने लढू नये तर काय करावे?

आता उपाय. पहिला नियम असा की बेभान रोग्याला आडदांड म्हणण्याआधी त्याच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे ना, ते पाहावे. प्राणवायू कमी पडलेला माणूसही अगदी असाच वागतो. मग दुखते आहे का, लघवी तुंबली आहे का किंवा तिची नळी टोचते आहे का, हे पाहावे. ठणक्याचे औषध जागे होण्याआधीच दिलेले असावे. नाकाच्या नसा तेवढ्यापुरत्या बधिर करून ठेवल्या तर आणखी बरे. भुलीच्या औषधांतही निवड आहे. १९९० पासून आधी जपानात आणि मग सर्वत्र वापरात आलेला सेव्होफ्लुरेन हा वायू लवकर उतरतो, पण त्यानंतर बेभानपणा, विशेषतः मुलांत, अधिक दिसतो. प्रोपोफोल हे शिरेतून द्यावयाचे औषध चालू ठेवून दिलेल्या भुलीनंतर नाकाचे रोगी अधिक शांतपणे उठतात, असे अनुभवास आले आहे. डेक्समेडेटोमिडीन हे १९९९ पासून वापरात आलेले औषध थोड्या प्रमाणात दिले तर खळबळ बरीच कमी होते. पण त्याने नाडी मंद होते आणि झोप लांबते, म्हणून लक्ष ठेवणारे माणूस जवळ हवे. फुकट मिळणारे औषध वैद्यकात नाही, तसेच ते संघटनेतही नाही.

बोळ्यांचेही तसेच. वाकलेल्या पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर बोळे ठासण्याऐवजी आत टाके घालून भागते का, हे आता पाहिले जाते; आणि आधार ठेवावाच लागला तर मधून श्वासाची नळी असलेल्या पट्ट्या मिळतात. श्रोतेहो, सुश्रुताच्या त्या दोन नळ्या आठवतात ना? इतके भटकून आपण त्यांच्याच दाराशी येऊन पोचलो.

पण आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो उपाय औषधांच्या कपाटात नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या दुसऱ्या एका सभासदाची नाकाची शस्त्रक्रिया दुसऱ्या एका ठिकाणी झाली. आदल्या संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई त्याच्या खाटेशी आल्या. "काका, उद्या उठाल तेव्हा नाक पूर्ण बंद असेल. घाबरायचं नाही. तोंडाने श्वास घ्यायचा," असे म्हणून त्यांनी त्याचे नाक स्वतःच्या बोटांनी चिमटीत धरले आणि सांगितले, "आता घेऊन दाखवा बघू." काका प्रथम कासावीस झाले, मग हसले. रात्रभर अधूनमधून नाक दाबून सराव करीत बसले. दुसऱ्या दिवशी ते उठले ते तोंड उघडून, आणि पहिला शब्द बोलले तो "पाणी." असा सराव आधी करून घेतला की खळबळ कमी होते, हे पद्धतशीर पाहण्यांतही दिसून आले आहे. प्रत्येकाची खळबळ त्याने थांबेलच असे नाही. काहींना औषध लागते, काहींना धरावेही लागते. पण खर्च किती? एका डॉक्टरची पाच मिनिटे.

ती पाच मिनिटे कोठे जातात, हा खरा प्रश्न आहे. जेथे एकाच भूलतज्ज्ञाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धावावयाचे, जेथे शुद्धीवर येणाऱ्या चार रोग्यांमागे एकच परिचारिका, तेथे खाटेशी बसून बोलावयाचे कोणी आणि केव्हा? तेथे बँडेजची पट्टी स्वस्त पडते. म्हणून दोष त्या परिचारिकेच्या किंवा वॉर्डबॉयच्या माथी मारणे सोपे असले तरी न्यायाचे नव्हे. लाथ खाल्ली ती त्यांनीच. कारखान्यात सूचना न देता पाळी बदलली की गडबड होते आणि दोष कामगाराला मिळतो. येथेही गडबड झाली आणि दोष रोग्याला मिळाला. सूचना कोणी द्यावयाची होती, हे दोन्हीकडे कोणी विचारीत नाही.

पुण्याचा कावसजी जागा होता. त्याने पराकाष्ठेची वेदना सोसली, पण आपल्याला काय होत आहे हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. आपण भूल देऊन आजच्या रोग्याची वेदना काढून घेतली, हे थोर काम झाले. मात्र तेवढ्या वेळापुरते त्याचे भानही आपण ताब्यात घेतले. ज्याची वस्तू ताब्यात घ्यावयाची त्याला ती परत कोणत्या स्थितीत मिळेल, हे आधी सांगणे, हा साधा व्यवहार आहे. आपल्यापैकी कोणावर, किंवा आपल्या माणसावर, नाकाची शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तर आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना न संकोचता विचारा: "उठल्यावर नाक बंद असणार का? श्वास कसा घ्यायचा?" आणि शेजारच्या खाटेवरचा कोणी उठताना हातपाय झाडू लागला, तर तो पितो का हे त्याच्या बायकोला विचारू नका. तो बुडतो आहे असे त्याला वाटते आहे. बुडणाऱ्याला माणूस हात देतो, नाव ठेवीत नाही.